रील नसलेला गळ: टोकियोच्या डोंगरात तेन्काराचा एक दिवस

आज आपण नदीवर जाणार आहोत. हातात काय असणार? एक लांब काठी, तिच्या टोकाला दोरा, दोऱ्याच्या टोकाला पिसं गुंडाळलेला एक छोटासा गळ. बस्स. रील नाही, मोटर नाही, आमिष नाही. कोकणातल्या लोकांना हे ऐकून हसू येईल, कारण आपल्याकडे पोरं बांबूला तंगूस आणि गरी बांधून गरवायला बसतातच की. मग यात जपानी काय आहे आणि त्याला ‘तेन्कारा’ असं भारी नाव कशाला?

फरक आहे, आणि तो गंमतीशीर आहे. आपण गरवतो तेव्हा गरीला कोळंबी किंवा गांडूळ लावतो आणि मासा वासाने येईल म्हणून वाट बघतो. तेन्कारामध्ये गळाला खाण्यासारखं काहीच नसतं. माशाला दीड-दोन सेकंदांसाठी वाटलं पाहिजे की हा किडा आहे. तेवढ्यात त्याने तोंडात घेतलं तर ठीक, नाहीतर तो थुंकून देतो. म्हणजे सगळा खेळ माशाला काय दिसतं यावर आहे. गळ तर त्याला दिसायला हवाच, पण तुम्ही मात्र अजिबात दिसता कामा नये. या दुसऱ्या भागाबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून आजचा एपिसोड मुख्यतः त्यावर.

मी सध्या कामासाठी टोकियोत आहे. आमच्या टीममधून रिटायर झालेले एक सीनियर आहेत, त्यांना आम्ही सगळे सेनपाई म्हणतो. गेली चाळीसेक वर्षं ते डोंगरातल्या नद्यांवर जातात. मे महिन्याच्या शेवटी एका शनिवारी त्यांच्याबरोबर निप्पारा नदीवर गेलो होतो. तो दिवस धरून सगळं समजावून सांगतो, म्हणजे नुसती थिअरी होणार नाही.

आधी जागा. टोकियो म्हटलं की आपल्याला शिबुयाचा तो चौक आठवतो. पण टोकियोच्या हद्दीतच, पश्चिमेच्या टोकाला ओकुतामा नावाचा डोंगराळ भाग आहे. चिचिबु-तामा-काई नॅशनल पार्कमध्ये येतो. ओमे लाइनच्या शेवटच्या स्टेशनावर, म्हणजे ओकुतामाला उतरायचं. स्टेशनाजवळच चुनखडीचा भलामोठा कारखाना आहे, अगदी ॲनिमेतला वाटतो. तिथून बस अरुंद घाटरस्त्याने निप्पारा गावाकडे जाते. खाली दरीत जी नदी दिसत राहते तीच आपली. पुढे ती तामा नदीला मिळते, आणि तामा नदी टोकियोच्या उपनगरांमधून वाहत समुद्राला जाते. म्हणजे महानगराचीच नदी, फक्त वरच्या टोकाला ती अजून डोंगरातली आहे.

पाणी थंडगार, तळाचा दगड न् दगड दिसेल इतकं स्वच्छ. अशा पाण्यात दोन मासे असतात. एक यामामे, चंदेरी अंगावर ओळीने निळसर करडे ठिपके, बोटांचे ठसे उमटावेत तसे. दुसरा इवाना, जरा गडद, अंगावर फिकट टिपके, दगडाखाली दबा धरून बसणारा. दोन्ही ट्राउट-साल्मनच्या कुटुंबातले. इंग्रजीत सरसकट ट्राउट म्हणतात ते चालून जातं. रेनबो ट्राउट मात्र इथला नाही, त्याची अंडी १८७७ मध्ये अमेरिकेतून आणली होती.

तिकीट आधी, नदी नंतर

बसमध्येच सेनपाईंनी विचारलं, “तिकीट काढलंत का?” मला वाटलं बसचं. नदीचं!

जपानमध्ये डोंगरातल्या बहुतेक नद्यांवर मासे धरायला दिवसाचं परमिट लागतं, त्याला ‘युग्योकेन’ म्हणतात. साधारण हजार ते दोन हजार येनच्या घरात असतं. देतं कोण? सरकार नाही, त्या नदीवरची स्थानिक मच्छीमार सहकारी संस्था. गावातल्या दुकानात मिळतं, कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये मिळतं, आणि आता बऱ्याच नद्यांसाठी ॲपवरही. आधी न काढता नदीवर गेलात आणि देखरेख करणारा माणूस आला, तर तो जागेवर जास्त पैसे घेऊन तिकीट देतो.

यामागची सिस्टिम मला फार आवडली. १९४९ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यानुसार अशा संस्थांना नदीतल्या मासेमारीचा हक्क मिळतो, पण त्याला एक अट जोडलेली आहे: नदीतले मासे वाढवण्याची जबाबदारी त्यांचीच. पिल्लं सोडा, अंडी घालायला जागा तयार करा, पण नुसता हक्क घेऊन बसता येत नाही. हक्क आणि देखभाल एकाच माणसाच्या गळ्यात. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल: ज्याने कोड लिहिला, रात्री दोनला फोनही त्यालाच जातो.

शिवाय सीझन असतो. बहुतेक ठिकाणी मार्च ते सप्टेंबरअखेर. शरद ऋतूत हे मासे अंडी घालतात, तेव्हा नदी बंद. ठरावीक लांबीपेक्षा लहान मासा ठेवता येत नाही. आणि एक अलिखित नियमही आहे, सांगतो पुढे.

काठी, दोरा, केबारी

सेनपाईंच्या बॅगेतून निघालेली काठी बंद असताना हातभर होती. एकात एक सरकणारे कार्बनचे भाग, जुन्या रेडिओच्या अँटेनासारखे. उघडली की ३.६ मीटर. वजन एखाद्या साबणाच्या वडीएवढं. टोकाला लालसर मऊ विणलेली दोरी चिकटवलेली असते, तिला ‘लिलियन’ म्हणतात. मुळात हे हस्तकलेच्या धाग्याचं नाव. दोऱ्याचा फास तिथे अडकवायचा, झालं.

दोरा साधारण काठीएवढाच लांब. पूर्वी घोड्याच्या शेपटीचे केस पिळून करत, आता बरेच जण फ्लोरोकार्बन वापरतात. शोधायला सोपं म्हणून तो भडक गुलाबी किंवा नारिंगी असतो. त्याच्या पुढे एक मीटरभर अगदी बारीक, पारदर्शक धागा, टिपेट. हा मुद्दाम सगळ्यात कमकुवत ठेवायचा. काही अडकलं, ओढलं, तर तुटायचं ते टिपेट, काठी नव्हे. घरातल्या फ्यूजसारखं.

आणि शेवटी केबारी. गळाभोवती दोरा गुंडाळून पुढे पक्ष्याचं एक पीस. पण हे पीस उलटं बांधलेलं असतं, छत्री वाऱ्याने उलटी होते ना तसं, पुढे झुकलेलं. याचं कारण हालचालीत आहे. पाण्यात काठीचं टोक हलकेच वर-खाली केलं की पिसाचे केस मिटतात, उघडतात, मिटतात. लांबून बघाल तर काहीतरी धडपडतंय असंच वाटतं. कुठल्या किड्याची हुबेहूब नक्कल आहे का? अजिबात नाही. ‘काहीतरी जिवंत’ एवढंच.

पाश्चात्य फ्लाय फिशिंगमध्ये लोक डबे भरभरून वेगवेगळ्या माशा बाळगतात, त्या दिवशी नदीवर कुठला किडा उडतोय त्याप्रमाणे बदलतात. तेन्काराची गंमत उलटी. प्राध्यापक हिसाओ इशिगाकी हे जपानमधले तेन्काराचे मोठे जाणकार. ते एकाच प्रकारच्या केबारीवर भागवण्यासाठी प्रसिद्ध आहेत. २००९ मध्ये त्यांनी अमेरिकेत जाऊन प्रात्यक्षिक दाखवलं, त्याच वर्षी डॅनियल गाल्हार्डो या तरुणाने तिथे तेन्काराच्या काठ्या विकणारी कंपनी काढली, आणि मग हे जगभर पसरलं. नंतर पॅटागोनिया कंपनीचे संस्थापक इव्हॉन शुइनार्ड यांनीही आणखी दोघांबरोबर यावर पुस्तक लिहिलं. इशिगाकींचा पेशा ऐका: खेळाडूंच्या नजरेवर संशोधन. कोणाला काय आणि किती वेळ दिसतं याचा अभ्यास करणारा माणूस या खेळात रमला यात मला तरी नवल वाटत नाही.

त्याआधी हे कुठल्याही कंपनीचं नव्हतं. जपानच्या डोंगरात मासे धरून पोट भरणारे लोक होते. इवाना धरायचे आणि गरम पाण्याच्या झऱ्यांजवळच्या पांथशाळांना विकायचे. दिवसाला जितके मासे तितके पैसे, त्यामुळे किडे गोळा करण्यात, गळाला आमिष लावत बसण्यात वेळ घालवणं परवडत नसे. सामान पाठीवर घेऊन दिवसभर दगडांवरून चढायचं, म्हणून तेही कमीत कमी. आज आपण याला ‘मिनिमलिझम’ म्हणतो, पण त्यांच्यासाठी ती रोजगाराची गरज होती. हे विसरून नुसती झेन-बिन बडबड करणारे व्हिडिओ बघितले की मला जरा कंटाळा येतो, खरं सांगतो.

माशाची खिडकी

आता मुख्य मुद्दा. रील नाही म्हणजे दोरा वाढवता येत नाही. म्हणजे तुम्ही जिथे उभे आहात तिथून ठरावीक अंतरावरच पोहोचता. आता हिशेब करू. कागद-पेन घ्या, किंवा गाडी चालवत असाल तर नुसतं ऐका.

काठी ३.६ मीटर, दोरा ३.६, टिपेट १. सरळ रेषेत धरलं तर ८.२ मीटर. पण तसं धरता येत नाही, कारण दोरा पाण्याला टेकवायचा नसतो. का? नदीचं पाणी सगळीकडे एका वेगाने वाहत नाही. मध्ये जोरात, कडेला संथ, दगडामागे जवळजवळ थांबलेलं. मासा त्या थांबलेल्या पाण्यात बसतो आणि शेजारून वाहत येणारं खाणं टिपतो, फूड डिलिव्हरीसारखं. तुमची केबारी त्या संथ पाण्यात पडली पण दोरा मधल्या वेगवान पाण्यावर पडला, तर दोरा केबारीला फरफटत नेतो. खरा किडा असा कधीच जात नाही, माशाला लगेच कळतं. म्हणून काठी वर धरून अख्खा दोरा हवेत ठेवायचा, पाण्याला फक्त केबारी आणि टिपेटचं शेवटचं टोक. पाश्चात्य पद्धतीतल्या जड दोऱ्याला हे इतकं सहज जमत नाही. ही तेन्काराची खरी ताकद.

तर काठी ४५ अंशात वर धरली, हात पाण्यापासून १ मीटर उंचीवर. काठीचं टोक २.५५ मीटर पुढे आणि ३.५५ मीटर उंच. तिथून खाली ४.६ मीटरचा दोरा आणि टिपेट. पायथागोरस लावा: दोरा आणखी २.९ मीटर पुढे पोहोचतो. एकूण साडेपाच मीटरच्या आसपास. म्हणजे माशापासून तुम्ही साडेपाच मीटरवर! आपल्या हॉलच्या एका टोकाला मासा आणि दुसऱ्या टोकाला तुम्ही. इतक्या जवळ तो तुम्हाला बघणार नाही का?

इथे बारावीचं फिजिक्स कामाला येतं. पाण्यातून वर बघताना प्रकाश वाकतो. पाण्याखालच्या डोळ्याला बाहेरचं जग फक्त डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. उभ्या रेषेपासून ४८.६ अंशांपर्यंत. त्यापलीकडे पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा, त्यात नदीचा तळच उलटा दिसतो. मासा ३० सेंटिमीटर खोल असेल तर त्या खिडकीचा व्यास भरतो जेमतेम ६८ सेंटिमीटर. एखाद्या मोठ्या ताटाएवढ्या गोलात अख्खं आकाश, झाडं, डोंगर आणि काठावरचे तुम्ही, सगळं कोंबलेलं.

पण सगळं सारखं कोंबलेलं नाही. डोक्यावरचं बऱ्यापैकी नीट दिसतं, कडेचं चेपलं जातं. क्षितिजापासून वरचे पहिले दहा अंश माशाच्या खिडकीच्या कडेला फक्त एका अंशाच्या पट्टीत मावतात. त्या पट्टीत जे असेल ते माशासाठी जवळपास नसल्यासारखंच. आता साडेपाच मीटरवर दहा अंश म्हणजे किती उंची? ९७ सेंटिमीटर. थोडक्यात, या अंतरावर तुमचं जे काही पाण्यापासून मीटरभराच्या वर आहे, ते माशाला दिसायला लागतं. छाती, खांदे, टोपी, हलणारे हात.

मग उपाय? गुडघे टेका, टाचांवर बसा. बसल्यावर डोकं त्या मर्यादेच्या आत येतं. आणि यात एक बोनस आहे, जो मला गणित करेपर्यंत पटला नव्हता. बसल्यामुळे हात खाली आला, समजा ६० सेंटिमीटरवर. मग काठीचं टोकही खाली आलं, आणि तोच दोरा आता ३.३५ मीटर पुढे पोहोचतो. एकूण ५.९ मीटर. म्हणजे खाली बसून तुम्ही लपताही आणि चाळीस सेंटिमीटर लांबही पोहोचता. दोरा थोडा झोळ घेतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे जरा कमी भरतील, पण दिशा हीच.

“पण काठी दिसते की!” हो, दिसते. म्हणून काठ्या शक्यतो चमक नसलेल्या रंगाच्या घेतात, आणि ती माशाच्या डोक्यावरून न फिरवता बाजूने आणतात. सावलीचंही तेच. सूर्य पाठीशी असेल तर तुमची सावली तुमच्या आधी नदीत उतरते. सकाळी सेनपाईंनी मुद्दाम सावलीतला काठ पकडला आणि मागे झाडी ठेवली. पाठीमागे आकाश असेल तर माणूस कापून ठेवल्यासारखा उठून दिसतो. मागे झाड किंवा कातळ असेल तर त्यातच विरतो. आणि पाणी जिथे खळाळतं तिथे ही खिडकी सतत फुटत असते, तिथे अजून जवळ जाता येतं. संथ डोहावर मात्र सगळ्यात कडक नियम.

आता दिशा. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, कारण खाणं तिकडून येतं. म्हणून माणूस खालून वर चढत जातो, माशाच्या पाठीमागून. यातूनच तो अलिखित नियम येतो: कोणी आधीच वर चढत असेल तर त्याला ओलांडून त्याच्या पुढे नदीत उतरायचं नाही. याला ‘आतामाहाने’ म्हणतात आणि हा तिथे मोठाच उद्धटपणा. कारण एकदा माणूस चालून गेला की त्या पाण्यातले मासे बराच वेळ दगडाखालून बाहेर येत नाहीत. आम्हाला दहाच्या सुमाराला एक जोडपं भेटलं, त्यांना सेनपाईंनी वाकून विचारलं की तुम्ही कुठून सुरू केलंत, आणि आम्ही अर्धा किलोमीटर खाली गेलो. भांडण नाही, काही नाही.

नदीवर प्रत्यक्षात

आता हे सगळं हलताना कसं दिसतं? सेनपाई दगडावर चालत नाहीत, जवळजवळ सरपटतात. एका पाण्यासमोर आले की आधी काठी उघडतच नाहीत. दोन-तीन मिनिटं बघत बसतात. कुठल्या दगडामागे पाणी थांबतंय, फेस कुठल्या रेषेत वाहतोय. फेसाची रेषा म्हणजे खाण्याची रेषा. मग सगळ्यात जवळची जागा आधी. लांबच्या चांगल्या डोहाकडे थेट फेकायचा मोह होतो, पण मग जवळचा घाबरलेला मासा पळत वर जातो आणि सगळ्यांना खबर देतो.

कास्ट अगदी छोटा. तर्जनी काठीच्या वर, मनगटाने मागे घड्याळात बारापर्यंत, थांबा, पुढे दहापर्यंत, थांबा. या थांबण्यानेच काठी वाकते आणि दोरा उलगडत जातो. केबारी दोऱ्याच्या आधी टेकली पाहिजे. एका जागी तीन-चार वेळा. नाही आला तर पुढे. सेनपाईंचं म्हणणं, “पाचव्यांदा टाकलंत तर तो मासा तुमच्याकडून शिकतोय.”

साडेअकराच्या सुमारास माझ्या केबारीमागे एक सावली वर आली, नाकाने ढोसल्यासारखं केलं आणि वळली. यामामे असेच, आले की विजेसारखे, गेले की गेले. त्यानंतर तिसऱ्या पाण्यात दोरा किंचित थबकला. तेवढंच. ओढ जाणवत नाही, दोरा थबकतो, म्हणूनच तो भडक रंगाचा. मनगट हलकं वर, आणि काठी वाकली.

रील नाही, मग मासा आणायचा कसा? काठी आडवी तिरकी करून माशाला प्रवाहातून कडेला वळवायचं, दमेपर्यंत काठीलाच वाकू द्यायचं, मग दोरा हाताने धरून जवळ घ्यायचा. वीत-दीड वीत माशाला हे पुरतं. मोठा असेल तर तुम्हीच त्याच्यामागे काठाने चालत जायचं. बावीस सेंटिमीटरचा इवाना होता. हातात घेतल्यावर पोटाखालचा तो फिकट नारिंगी रंग... फोटोत येत नाही तो, मी प्रयत्न केला.

ठेवायचा की सोडायचा?

हा प्रश्न सगळे विचारतात. शाकाहारी मित्र तर आणखी वेगळं विचारतात: खायचा नसेल तर त्रास कशाला द्यायचा? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर सेनपाईंकडे बघून बनलंय.

या नदीवर एक काँक्रीटचा बंधारा लागतो, डोंगरातला गाळ आणि दगड अडवायला बांधलेला. जपानच्या डोंगरी नद्यांवर असे बंधारे खूप आहेत, खालची गावं वाचवायला ते लागतातच. पण माशांच्या बाजूने बघा. वरचा मासा पुराबरोबर खाली येऊ शकतो, खालचा मात्र भिंत चढून वर जाऊ शकत नाही. म्हणजे बंधाऱ्याच्या वरच्या तुकड्यात जेवढे आहेत तेवढेच. बाहेरून भर नाही. एक मोठी मादी काढली तर पुढच्या वर्षीची किती पिल्लं गेली ते तुम्हीच मोजा.

सेनपाईंचा हिशेब साधा. बंधाऱ्याखाली, जिथे संस्था मासे सोडते, तिथे दोन ठेवायचे, मीठ लावून काठीला टोचून निखाऱ्यावर भाजायचे. बंधाऱ्याच्या वर एकही नाही. “खाली मी तिकिटाचे पैसे दिलेत,” ते म्हणाले, “वर कोणीच काही भरत नाही.” माझा इवाना वरचा होता. सोडला.

सोडायचं तर नीट सोडायचं, नाहीतर तो अर्ध्या तासाने मरतो आणि आपण समाधानात घरी जातो. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून सपाट करायचा. हात ओले करायचे, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं संरक्षण असतो. कल्ल्यांना बोट लावायचं नाही. शक्यतो पाण्याबाहेर काढायचाच नाही, गळ पाण्यातच सोडवायचा. फोटो हवाच असेल तर फोन आधी तयार, आणि तुमचा श्वास रोखून धरा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की मासा परत पाण्यात. शेवटी प्रवाहाकडे तोंड करून धरायचा, स्वतःहून निसटेपर्यंत. कडक उन्हाळ्यात पाणी कोमट झालं असेल तर त्या दिवशी मासेमारीच नको. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, थकलेला मासा सावरत नाही.

दुपारी अडीचला सेनपाईंनी अचानक काठी मिटली. आमच्यावर ऊन होतं, पण वरच्या खोऱ्यावर ढग काळे झाले होते आणि पाण्यातून हिरवी पानं वाहत यायला लागली होती. पिकली पानं कधीही वाहतात, ताजी हिरवी आली की वर कुठेतरी पाऊस जोरात आहे. पाणी गढूळ व्हायच्या आत आम्ही रस्त्यावर होतो. आपल्याकडे पावसाळ्यात धबधब्यांवर होणारे अपघात आठवले, तिथेही पाऊस बऱ्याचदा वरच पडत असतो. शिवाय ओकुतामात अस्वलं आहेत, म्हणून बॅगेला घंटा आणि बुटांना फेल्टचा तळ. ओल्या शेवाळी दगडावर साधा रबरी तळ फार घसरतो.

आपल्याकडे जमेल का?

ट्राउटसाठी महाराष्ट्रात पाणी नाही, त्याला बारमाही थंड पाणी लागतं. हिमाचलमध्ये आहे. तीर्थन खोऱ्यात ब्राउन ट्राउट आहे, काश्मीरमध्येही आहे. तो इंग्रजांनी आणलेला, मूळचा नव्हे. हिमाचलच्या मत्स्य विभागाचं परमिट लागतं, आणि हिवाळ्यात अंडी घालण्याच्या काळात बंदी असते. जायच्या आधी तिथल्या विभागाकडून त्या वर्षीचे नियम विचारून घ्या. तेन्काराची काठी तशा नद्यांवर अगदी चपखल बसते, बॅगपॅकमध्ये आडवी मावते.

सह्याद्रीत काठी घेऊन निघण्याआधी मात्र गावात विचारा. महाडजवळ वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून लोकांनी पिढ्यान् पिढ्या मासे राखलेत, तिथे गळ टाकायचा प्रश्नच येत नाही. अशा राखलेल्या जागा आणखीही आहेत, आणि त्या नकाशावर लिहिलेल्या नसतात.

सुरुवातीला काय घ्यायचं? ३.६ मीटरची मधल्या लवचिकतेची काठी, तीन-साडेतीन नंबरचा फ्लोरोकार्बन दोरा, एक रीळ टिपेट, चार-पाच केबारी. आणि नदीवर जायच्या आधी सोसायटीच्या बागेत गळ न लावता सराव करा. जमिनीवर ताट ठेवा, सहा मीटरवरून गुडघ्यावर बसून दोऱ्याचं टोक त्यात पाडा. वॉचमन विचारेल काय चाललंय. सांगा, मासे धरतोय.

केबारी घरी कशी बांधायची हा मोठा विषय आहे, त्यावर वेगळा भाग करू. तोपर्यंत प्रश्न पाठवत राहा. भेटू!